एक पट्टा की दोन?

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, ही माझ्या मागे उभ्या असलेल्या कोणाशी तरी बोलत असेल. कारण माझं मराठी आख्ख्या मेकॅनिकलला माहीत आहे. पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. वर्गात तोंडातून मराठी शब्द निघाला की एक रुपया दंड, आणि तो दंड गोळा करायचं काम मॉनिटर म्हणून माझ्याकडेच! एकोणसत्तर म्हणजे नक्की किती, हे मी अजूनही मनातल्या मनात दोनदा मोजून ठरवते. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. विषय मात्र पक्का मेकॅनिकलचा आहे. एका जुन्या स्पोर्ट्स कारचे दोन पट्टे काढून तिथे एकच बसवावा की नाही, एवढाच प्रश्न. पण या एवढ्याशा प्रश्नाने माझी जी काही उतरली ती सांगण्यासारखी आहे.

माझा मावसभाऊ जर्मनीत आहे. मी त्याला नुसतं दादा म्हणते. "जर्मनीत आहे" म्हटलं की लोक विचारतात, एमएस का? नाही. दादा सांगलीजवळच्या एका गावात वाढला. मावशी-काकांची पिठाची गिरणी. तो मराठी शाळेत शिकला, बारावीला मार्क कमी पडले, मग आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, एका गॅरेजमध्ये तीन वर्षं काढली, पुण्याला राहून जर्मन भाषेच्या परीक्षा दिल्या, आणि आता स्टुटगार्टजवळ जुन्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून काम करतो. आठवड्यातले काही दिवस वर्कशॉप, काही दिवस शाळा. आमच्या घरात लग्नकार्याला सगळे जमले की ठरलेलं वाक्य असायचं, "ही इंजिनिअर होणार, आणि तो गॅरेजात." वाक्य बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसायचं. पण ते ऐकताना मला बरं वाटायचं, हे आज कबूल करते. लहानपणी सुट्टीत गेले की मी त्याचं इंग्रजी सुधारायचे. तो "पुल्ली" म्हणायचा, मी म्हणायचे, "दादा, पुली!"

गेल्या जानेवारीत, सबमिशनच्या ऐन गर्दीत, रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. त्याच्याकडे संध्याकाळचे सात. हिवाळ्यात तिकडचे लोक जुन्या गाड्या रस्त्यावर फारशा काढत नाहीत, वर्कशॉपमध्ये आणून टाकतात. तशीच एक गाडी आली होती. मी विचारलं कोणती, तर म्हणाला पोर्शे ९११, त्यातलं ९६४ हे मॉडेल. मी म्हटलं, "अरे वा, पोर्श!" तो शांतपणे म्हणाला, "पोर्शे. शेवटचा ए म्हणतात इथे." पुल्लीचा हिशेब असा फिटला.

प्रश्न असा होता. गाडीच्या मालकाला दोन पट्ट्यांच्या जागी एका पट्ट्याची पुली हवी होती. वर्कशॉपच्या मुख्य कारागिराने, ज्याला तिकडे माइस्टर म्हणतात, दादाला सांगितलं की होकार-नकार मी नंतर देईन, आधी तू दोन्ही बाजू अर्ध्या पानात लिहून आण. दादा म्हणाला, "तू इंजिनिअर ना, जरा तोलून सांग."

इथे थोडी ओळख करून द्यायला हवी. ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, सहा सिलिंडर, तीन एकीकडे आणि तीन दुसरीकडे आडवे झोपलेले. १९९८ पर्यंत या गाड्या हवेवर थंड होत होत्या. रेडिएटरमध्ये पाणी हा प्रकारच नाही. एक मोठा उभा पंखा सिलिंडरवर वारा सोडतो, आणि उरलेली उष्णता इंजिन ऑइल वाहून नेतं. पंख्याच्या बरोबर मध्ये, त्याच्या पोटात, अल्टरनेटर बसवलेला. जुन्या ९११ मध्ये पंखा आणि अल्टरनेटर एकाच शाफ्टवर, एकाच पट्ट्यावर फिरायचे. त्याच्याही आधी फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये हीच कल्पना होती, डायनॅमोच्या शाफ्टवरच पंखा.

१९८९ मध्ये ९६४ आली. इंजिन ३.६ लिटरचं, ताकद २५० हॉर्सपॉवर. शिवाय एबीएस आलं, ८० च्या वेगाला आपोआप वर उठणारा मागचा स्पॉयलर आला, विजेवर चालणाऱ्या वस्तू वाढल्या. गाडी सिग्नलला उभी असतानाही अल्टरनेटरने भरपूर वीज द्यायला हवी, म्हणजे तो जोरात फिरायला हवा. पण पंखा तितक्या जोरात फिरवला तर आवाज वाढतो आणि ताकद फुकट जाते. म्हणून कारखान्याने दोघांचा घटस्फोट केला. पंख्याला वेगळा पट्टा, अल्टरनेटरला वेगळा पट्टा, आणि अल्टरनेटरचा शाफ्ट पंख्याच्या पोकळ शाफ्टमधून आरपार. एका जागी दोन चाकं, वेगवेगळ्या वेगाने. एसी असेल तर त्याचा तिसरा पट्टा आणखी वेगळा.

आणि मग १९९२ मध्ये त्याच मॉडेलची आरएस नावाची हलकी गाडी आली. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आवाज दाबणारं अस्तर नाही, वजन शंभर किलोहून जास्त कमी. तिच्यात पंखा आणि अल्टरनेटर पुन्हा एका पट्ट्यावर. तेव्हापासून साध्या ९६४ च्या मालकांना वाटत आलं आहे की आपल्या गाडीलाही तसंच करावं. क्रँकवरची पुली बदलायची, वरची पुली बदलायची, पंखा आणि अल्टरनेटर एकत्र बांधायचे, झालं. पट्टा एक, पुल्या कमी, वजन कमी, कटकट कमी.

हे सगळं वाचून मी खूश. सेमिनारला विषय मिळत नव्हता, तोही आयताच मिळाला! दोन रात्री जागून मी दादाला दोन पानं पाठवली. इंग्रजीत. मशीन डिझाईनची समीकरणं घालून. त्यातला मुख्य मुद्दा रिलायबिलिटीचा होता. समजा एक पट्टा वर्षभर न तुटण्याची शक्यता ९५ टक्के धरली. मग दोन्ही पट्टे शाबूत राहण्याची शक्यता ०.९५ गुणिले ०.९५, म्हणजे साधारण ९० टक्के. एकच पट्टा असेल तर ९५. सुटे भाग कमी म्हणजे बिघाड कमी. निष्कर्ष, बदल जरूर करावा. खाली मी आणखी दोन ओळी लिहिल्या होत्या, की थंड करण्याच्या व्यवस्थेवर आणि धोक्याच्या सूचनेवर या बदलाचा काहीही परिणाम होत नाही. त्या दोन ओळींची मला आजही लाज वाटते. कारण त्या मी तपासल्याच नव्हत्या. इंग्रजीत लिहिताना त्या इतक्या छान दिसत होत्या की तपासायची गरजच वाटली नाही!

दादाचा दुसऱ्या दिवशी फोन. "वाचलं. छान आहे. पण मला मराठीत सांग, मला माइस्टरला जर्मनमध्ये सांगायचंय. मध्ये इंग्रजी ठेवलं की माझा गोंधळ होतो." आणि वर अट घातली, उगाच इंग्रजी शब्द वापरला की एक रुपया दंड! भागांची नावं माफ.

मी सुरू केलं. "व्ही-बेल्टमध्ये बघ, व्ही शेप असल्यामुळे..." "दोन रुपये," दादा. "म्हणजे... आकार असा असल्यामुळे..." पुढे गाडी जाईना. मग तोच म्हणाला, "इथे त्याला काइलरीमेन म्हणतात. काइल म्हणजे पाचर, रीमेन म्हणजे पट्टा." पाचर-पट्टा! मी गप्पच झाले. व्ही-बेल्ट या नावातून फक्त आकार कळतो. पाचर म्हटलं की काम कळतं. लाकडाच्या फटीत पाचर ठोकली की ती दोन्ही बाजूंनी आवळून बसते, तसा हा पट्टा ताण आला की पुलीच्या खाचेत रुततो. तळाला टेकत नाही, कडांना धरतो. खाचेचा कोन ४० अंशांच्या आसपास असला तर सपाट पट्ट्याच्या मानाने पकड जवळजवळ तिप्पट होते. परीक्षेत हे समीकरण मी तीनदा लिहिलंय, पूर्ण मार्क मिळवलेत. पण ती पाचर मला त्या रात्री दिसली.

मग मी रिलायबिलिटी सांगितली. भाग कमी म्हणजे बिघाड कमी. दादाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. पण पट्टा तुटला तर चालवणाऱ्याला कळणार कसं?"

मी म्हटलं, कळेल की.

"कसं पण? गिरणीत आमच्या रव्याच्या चाळणीला बारका पट्टा होता, आठवतो? तो सुटला तर कळायचंच नाही. जात्याचा आवाज चालूच असायचा ना. अर्धा डबा रवा न चाळता जायचा, मग कोणीतरी आजी येऊन बोंबलायची, तेव्हा कळायचं. मोठा पट्टा तुटला तर सगळंच गप्प. ते आख्ख्या गल्लीला कळायचं."

मला उत्तर येईना. "वॉर्निंग सिस्टीम अनअफेक्टेड" हे लिहिताना माझ्या मनात नेमकं काय होतं, हे शोधायला गेले तर तिथे काहीच नव्हतं. मराठीत सांगायचं तर मला गाडीत बसावं लागलं, स्टिअरिंगसमोर, आणि बघावं लागलं की कोणता दिवा लागतोय. इंग्रजी वाक्यात गाडीत न बसताच काम भागलं होतं.

मग आम्ही दोघं खरंच बसलो. फोनवर, तो तिकडे आणि मी इकडे होस्टेलच्या जिन्यात, रूममेट झोपली होती म्हणून.

पहिली, जुनी एक-पट्ट्याची गाडी. पट्टा तुटला की पंखा थांबला आणि अल्टरनेटरही थांबला. अल्टरनेटर थांबताच समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो. म्हणजे दिवा विजेचा, पण बातमी पंख्याची देतो! बीटल चालवणाऱ्यांनाही हेच शिकवलेलं असायचं, लाल दिवा लागला की आधी गाडी बाजूला घे आणि पट्टा बघ. एकही जादा भाग न बसवता मिळालेली सूचना.

दुसरी, दोन पट्ट्यांची ९६४. अल्टरनेटरचा पट्टा तुटला तर दिवा लागेल, पंखा चालू राहील, आणि बॅटरीत जेवढी वीज आहे तेवढ्यावर गाडी घराकडे नेता येईल. हे उत्तम. पण पंख्याचा पट्टा तुटला तर? अल्टरनेटर मजेत फिरतोय, बॅटरीचा दिवा बंद, आणि मागे इंजिन तापत चाललंय. दादाची रव्याची चाळण ती हीच. कारखान्याला हे अर्थातच कळलेलं होतं, म्हणून त्यांनी पंख्याच्या पट्ट्यावर एक सेन्सर ठेवला. छोटी रुळी, एक दांडा, एक स्विच. पट्टा जागेवर नसला की समोर दिवा.

म्हणजे दोन पट्टे केल्यावर तिसरा राखणदार ठेवावा लागला. आणि तो राखणदार आता तीस वर्षांहून म्हातारा आहे.

माझं ९० आणि ९५ चं गणित इथे कोसळलं. कारण इंजिन थंड ठेवणं हे दोन्ही रचनांत शेवटी एकाच पट्ट्यावर अवलंबून आहे. दोन पट्टे असले तरी पंख्याला एकच, आणि एक पट्टा असला तरी पंख्याला एकच. तिथे ९५ चे ९५ च. उलट एकट्या पट्ट्यावर पंखा आणि अल्टरनेटर दोघांचं ओझं येतं. फरक पडतो तो तुटल्यावर काय बंद पडतं आणि कोण सांगतं, यात. मी "बिघाड" हा एकच शब्द मोजला होता. गाडी बाजूला घेऊन उभं राहणं आणि इंजिन जळणं या दोन्हींना मी एकच मार्क दिला होता.

आता आम्ही उरलेले मुद्दे एकेक करून तराजूत टाकले.

वजन. मालकाला वाटत होतं की पुल्या हलक्या झाल्या की इंजिन चटकन वेग पकडेल. हिशेब करून बघितला. समजा अर्धा किलोची, ६ सेंटिमीटर त्रिज्येची पुली वाचली. आता समजा १० किलोचं, १२ सेंटिमीटर त्रिज्येचं फ्लायव्हील. वजन वीसपट, त्रिज्येचा वर्ग चारपट, म्हणजे फिरायला विरोध ऐंशीपट. आरएस जी चपळ वाटते त्यात हलक्या फ्लायव्हीलचा आणि एकूण कमी वजनाचा वाटा मोठा. पुलीला त्याचं श्रेय देणं म्हणजे लग्नात करवलीला नवरी समजणं.

ताकद. अल्टरनेटर १४ व्होल्टला १०० अँपिअर देतोय आणि त्याची कार्यक्षमता ५५ टक्के आहे असं धरलं तर त्याला फिरवायला साधारण साडेतीन हॉर्सपॉवर लागतात. हे काम एका पट्ट्याने करा नाहीतर दोन पट्ट्यांनी, करावं लागणारच. पट्टा कमी केला म्हणून काम कमी होत नाही. पट्टा वाकताना-घसरताना जे थोडं वाया जातं, तेवढ्यातलाच काही भाग वाचेल. २५० मध्ये ते शोधूनही सापडायचं नाही.

वेग. हा खरा मुद्दा, आणि तो माझ्या दोन पानांत नव्हताच. एका पट्ट्यावर दोघांचा वेग एकच होणार. मग कोणाचा ठेवायचा? पंख्याचा ठेवला तर अल्टरनेटर हळू फिरणार, सिग्नलला दिवे, काच तापवणारी तार, आतला ब्लोअर चालू असताना वीज कमी पडणार. अल्टरनेटरचा ठेवला तर पंखा जोरात फिरणार. आणि पंख्याचा नियम निर्दय आहे. वेग १० टक्के वाढवला तर हवा १० टक्केच वाढते, पण लागणारी ताकद घनाच्या हिशेबाने वाढते. १.१ चा घन १.३३१, म्हणजे ३३ टक्के जास्त. उलट वेग १० टक्के कमी केला तर २७ टक्के ताकद वाचते, पण हवाही १० टक्के घटते, आणि या गाडीत हवा हेच पाणी आहे. तेव्हा पुलीचा संच विकत घेण्याआधी दोन्ही पुल्यांचे व्यास मोजायचे आणि गुणोत्तर काढून बघायचं. आरएसला हे परवडलं कारण तिच्यात विजेवर चालणारं सामानच कमी होतं. तिची सगळी गाडीच साधी होती, नुसती पुली नाही.

आणि एसी. मालकाला एसी हवाच होता. म्हणजे त्याचा पट्टा राहणारच. एक पट्टा, एक पट्टा म्हणून जो जप चालला होता, तो शेवटी दोन पट्ट्यांवरच संपणार!

दुसऱ्या दिवशी दादाने वर्कशॉपमधून व्हिडिओ पाठवला. गाडीचं मागचं झाकण उघडलेलं, त्याचा हात, आणि सेन्सरकडे जाणाऱ्या दोन वायरी. त्या स्विचपर्यंत जातच नव्हत्या. आधीच्या कोणीतरी कधीतरी त्या मध्येच जोडून टाकल्या होत्या, वर काळी टेप. रुळी बेअरिंगमध्ये अडकून बसलेली. म्हणजे रुळीमुळे दिवा अधूनमधून लागत असणार, आणि कोणीतरी वैतागून रुळी दुरुस्त करण्याऐवजी दिवाच गप्प केला. मालकाला पत्ताच नव्हता. दादाने पंख्याचा पट्टा काढून उलटा वाकवला, तर आतल्या बाजूला बारीक बारीक भेगा. दोन पट्टे आणि राखणदार झोपवलेला. दोन्ही रचनांमधलं जे जे वाईट, ते सगळं त्या गाडीत एकत्र होतं, आणि गाडी तशीच चालत होती.

त्या व्हिडिओत त्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार आवडली. या पट्ट्याचा ताण बसवायला मोटर सरकवत नाहीत, कारण सरकायला जागाच नाही. पुली दोन अर्धुकांची असते आणि मध्ये पातळ चकत्या असतात, शिम. पट्टा ढिला झाला की मधली एक चकती काढायची. अर्धुकं जवळ येतात, खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो आणि ताणला जातो. पण काढलेली चकती फेकायची नाही. ती बाहेरच्या बाजूला, नटाखाली ठेवायची. चकत्यांची एकूण संख्या नेहमी तीच. दादा म्हणाला, "मागच्यानं वायर जोडली तेव्हा त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं. काढलेलं कुठंतरी मांडून ठेवायचं असतं."

अर्ध्या पानाचा मजकूर शेवटी दादानेच लिहिला, मी फक्त आकडे तपासले. तो साधारण असा होता. ही गाडी मालक शर्यतीला नेत नाही, उन्हाळ्यात कामाला नेतो, एसी लावून, शहराच्या गर्दीतून. अशा वापराला कारखान्याचे दोन पट्टेच बरे. आत्ता दोन्ही पट्टे नवीन घाला, रुळी आणि स्विच बदला, वायरी मूळ जागी आणा, चकत्या मोजून ताण बसवा. एसी आणि इतर सामान काढून गाडी कधी खरोखर हलकी करायची ठरवली, तर एक पट्टा विचारात घ्या. तेव्हा आधी पुलीचे व्यास मोजा, किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागतो का ते बघा, कारण तोच एकटा राखणदार उरणार, आणि काढलेले भाग जपून ठेवा. शेवटी एक ओळ कागदपत्रांची. जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना एच अक्षराची खास नंबरप्लेट मिळते, तेव्हा असा कुठलाही बदल करण्याआधी तपासनिसाला विचारावं.

मी म्हटलं, "दादा, यात एकही समीकरण नाही!" तो म्हणाला, "समीकरण तू तपासलंस ना? मग झालं."

माइस्टरने वाचलं, एक शब्द दुरुस्त केला आणि तो कागद मालकापुढे ठेवला. मालक आधी हिरमुसला. त्याच्या मित्राच्या गाडीला एक पट्टा आहे म्हणे. मग त्याला भेगा पडलेला पट्टा आणि टेप लावलेल्या वायरी दाखवल्या. तो बराच वेळ काही बोलला नाही. सेन्सर बदलायला सांगून गेला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बघू म्हणाला. म्हणजे प्रश्न कायमचा सुटला असं नाही. पण आता तो निदान बरोबर प्रश्न आहे.

माझा सेमिनारही झाला. सरांनी विचारलं, "सो, विच वन इज बेटर?" मी सांगितलं की सर, ते गाडी कोण आणि कुठे चालवतो त्यावर आहे, पण एखादा भाग काढण्याआधी तो काय काम करत होता हे विचारायचं, आणि तो काय सांगत होता हेही विचारायचं. सर म्हणाले, दुसरा मुद्दा कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, गिरणीत. वर्ग हसला. मार्क बरे मिळाले.

आता थोडं माझ्याबद्दल, मग संपवते. दहावीनंतर मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं की डोक्यात एकच भाषा ठेवायची. पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत, नोकरीही इंग्रजीतच मिळणार. मग मराठीचा हा जादा पट्टा कशाला? भाग कमी, कटकट कमी! आणि खरं सांगते, गाडी मस्त चालली होती. एकही दिवा लागत नव्हता. मला वाटायचं, सगळं समजलंय म्हणून लागत नाही. त्या रात्री जिन्यात बसून दादाला मराठीत सांगायला गेले आणि पाचव्या मिनिटाला दिवा लागला. वायर कुठे जोडून टाकली होती, ते तेव्हा दिसलं. इंग्रजी सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. ते मला हवंच आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री एखादा टॉपिक आला असं वाटलं की आता मी तो एकदा मराठीत सांगून बघते. आईला फोन लावते, बिचारी ऐकते. तिला कळलं नाही तर बहुतेक वेळा मलाही कळलेलं नसतं.

यंदाच्या गणपतीत घरी सगळे जमले तेव्हा कोणीतरी परत तेच वाक्य टाकलं, "ही इंजिनिअर, आणि तो गॅरेजात." मी म्हटलं, हो, आणि माझा सेमिनार त्यानेच तपासून दिला. मावशी स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही, पण मोदक वाढताना माझ्या पानात एक जास्त पडला.

हा लेख छापून आला की फोटो काढून दादाला पाठवणार आहे. तो आधी यातले इंग्रजी शब्द मोजेल, हे नक्की. दंडाचे दोन रुपये जुने बाकी आहेतच. पुल्ली मात्र मी मोजू देणार नाही!